ऑफिसात ईशान्येकडच्या सहकारी मुलीला 'मोमो' म्हणतात. विषय कसा काढावा?
आधी तिलाच विचारा, मी बोललो तर चालेल का? परस्पर मीटिंगमध्ये भाषण ठोकलंत तर अवघडायचं तिलाच. मग 'मोमो' म्हणणाऱ्याला टपरीवर चहाला न्या. 'तू वंशवादी आहेस' म्हटलंत की तो भांडायलाच उठेल. 'तिला नाव आहे, त्या नावाने हाक मार' एवढं पुरे. 'गंमत होती रे' हे येणारच. तेव्हा निडो तानियाचं सांगा. अरुणाचलचा हा विद्यार्थी २०१४ मध्ये दिल्लीत केसांवरच्या टोमण्यातून सुरू झालेल्या मारहाणीनंतर गेला, आणि केंद्राला ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली. तरीही थांबला नाही, तर तारखांसह एचआरला लेखी कळवा, अर्थात तिची तयारी असेल तरच.