लेहची हिल कौन्सिल आणि आपली जिल्हा परिषद

आपल्या ग्रामपंचायतीचा अभ्यास दौरा लेहला जाणार असल्याने, तिथली हिल कौन्सिल (लडाखमधील स्वायत्त डोंगरी विकास परिषद) म्हणजे आपली जिल्हा परिषदच का, असे आपण विचारले आहे. कोल्हापूर जिल्हा परिषदेत बावीस वर्षे नोकरी करून आणि निवृत्तीनंतर दोनदा लडाख पाहून माझे मत असे झाले आहे की, कामे बरीचशी सारखी असली तरी घडण वेगळी आहे.

आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ३८ लाखांवर; लडाखचे क्षेत्रफळ सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर आणि माणसे पावणेतीन लाख. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर लेहमध्ये जेमतेम शंभर. पूर्वी लडाख जम्मू-काश्मीर राज्यात असल्याने कारभार श्रीनगरहून चाले आणि मधली झोजी ला ही खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई. काश्मीरपासून वेगळा कारभार मागणाऱ्या १९८९ च्या आंदोलनानंतर १९९५ मध्ये लेहला आणि २००३ मध्ये कारगिलला कौन्सिल मिळाली, ती याच तुटलेपणामुळे.

प्रत्येक कौन्सिलमध्ये ३० सदस्य असतात, २६ निवडून आलेले आणि ४ नियुक्त. मुख्य कार्यकारी कौन्सिलर (सदस्यांनी निवडलेले प्रमुख) व त्यांचे सहकारी शाळा, आरोग्य, रस्ते यांचे नियोजन पाहतात. कायदा करण्याचा अधिकार मात्र नाही आणि पोलीसही त्यांच्याकडे नाहीत. खरी मेख प्रशासनात आहे. आपल्याकडे १९६२ पासून जिल्हाधिकारी वेगळे आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळे. तिकडे डेप्युटी कमिशनर, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, हेच कौन्सिलचे मुख्य कार्यकारी अधिकारी. एकाच अधिकाऱ्याने वरचा आदेशही पाळायचा आणि लोकप्रतिनिधींचा ठरावही राबवायचा, हे मला तरी अवघड वाटते. त्यातच ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाला, पूर्वीच्या चार आमदारांची पदे गेली आणि खासदार तेवढे एक उरले. (आपल्या एका जिल्ह्यात दहा आमदार आहेत!) राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीत लडाखचा समावेश करण्याची मागणी जोर धरते, कारण त्या अनुसूचीतील परिषदांना ठरावीक विषयांवर कायदे करता येतात.

कौन्सिलच्या कचेरीत अर्धा दिवस पुरेल. उरलेला वेळ एखाद्या गावात घालवावा. बर्फ वितळून आलेले पाणी ‘युरा’ म्हणजे पाटाने येते, रात्रीचे ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठते आणि गावाने नेमलेला ‘चुरपोन’ ते पाळीप्रमाणे वाटतो. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा. मी पाहिलेल्या चुरपोनने एक चपटा दगड आणि मातीसकट उपटलेले गवताचे ढेकूळ लावून एका जवाच्या शेताचे दारे बंद केले, खालच्या शेताचे मोडले आणि बांधावर बसून राहिला. शेतमालक दोघेही समोर होते, पण कोणी हरकत घेतली नाही. हे पाहायचे तर दौरा जून-जुलैमध्ये ठेवावा. ऑक्टोबरात शेते रिकामी असतात.