लाईट गेली की टाईप केलेलं उडतं, मग जुनी फाईल कशी राहते?

बघा, सेव्ह न केलेलं रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत असतं, तिथं प्रत्येक बिट (0 किंवा 1) म्हणजे एका बारीकशा कपॅसिटरमधला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागातला चार्ज आणि तो सारखा गळत असतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदाला परत भरावा लागतो, लाईट गेली की भरणं थांबलं, संपलं. हार्ड डिस्कवर तेच चुंबकाच्या दिशेनं लिहिलेलं असतं, एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये, चार्ज कोंडून ठेवतात, म्हणून तिथलं राहतं.

काकांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे, मार्च एंडला दिवसभराच्या हिशेबपट्ट्या अशाच गेल्या, फार जीव हळहळला. सारखं कंट्रोल एस दाबा आणि यूपीएस घ्याच. ऑनलाईन ठेवलेलं पण कुठल्यातरी डेटा सेंटरच्या डिस्कवरच असतं, फक्त बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त कॉप्या करून.