चित्रसंग्रह सुरू करताना

तुम्ही नुकतीच चित्रे घेऊ लागला आहात, म्हणून पहिल्या खरेदीपासूनच पावती आणि चित्राची मागची-पुढची छायाचित्रे जपून ठेवा. मालकीचा पुरावा नसेल तर संग्रहालये चित्र प्रदर्शनासाठी घ्यायला कचरतात. संग्रह घरापुरता राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाच्या छंदातून उभे राहिले व पुढे शासनाच्या स्वाधीन झाले, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह लाभले.

चित्र उसने देताना मात्र भिडेखातर काही करू नका. मुदत, वाहतुकीचा खर्च आणि भिंतीवरून उतरवल्यापासून परत टांगेपर्यंतचा विमा करारात लिहून घ्या, आणि रंगाचा उडालेला टवका, चौकटीची भेग, कागदावरचा डाग अशी बारीकसारीक नोंद दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी करा. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत कागदावरील चित्रांना बुरशी लवकर धरते, त्यामुळे पावसाळ्यात ती बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र मिळाले, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार नोंदणी लागते का, ते घेण्यापूर्वीच तपासा (विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो). अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.