भोगलेलंच पुन्हा काय शिकायचं?

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या काणकोणचे, वेळीप जमातीचे. मुलगी यंदा बीए झाली. तिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासात एमए करायचं आहे. माझा भाऊ म्हणतो, बीएड करून शाळेत लागलेलं बरं. मला वेगळंच वाटतं. जात, जमात, बायकांचे हाल हे आम्ही जन्मभर भोगलं. त्यात आणखी शिकायचं काय? – एक वाचक

उत्तर : दादा, भावाचं आधी उरकते. बीएड एमएनंतरही करता येतं. नेटच्या परीक्षेत स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे कॉलेजात शिकवायची वाट आहे. नोकरी ठेवलेलीच आहे असं मात्र मी सांगणार नाही.

आता तुमचं. मी डिचोलीकडच्या मुंडकाराची, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची, मुलगी. आजोबा गेल्यावर आत्याला बोलावून घेतलं आणि हक्क सोडल्याच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. निळी शाई तिनं पदराला पुसली, पेज जेवली आणि दुपारच्या बसनं सासरी गेली. घरात सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. पुढे मी एमएला असताना बाईंनी वर्गात सांगितलं, की गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा मुलीला मुलाइतकाच वाटा देतो. मला तो पदर आठवला. आत्यानं भोगलं होतंच. पण तो वाटा आपल्या हक्काचा होता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगणाऱ्यांत माझे बाबाही होते. भाटकारासमोर, त्या जमीनमालकासमोर, मान खाली घालून उभे राहणारे आम्ही, आम्हीच बहिणीचा वाटा गिळला. हे दोन्ही एकदम बघायला मला त्या वर्गानं शिकवलं. घरात राहून ते मला कधीच दिसलं नसतं.

कोमुनिदादचं, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचं, जोण (गावकऱ्यांना मिळणारा उत्पन्नातला वाटा) पिढ्यान् पिढ्या मुलग्यांकडेच का गेलं? गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल का उजाडलं, गोव्याची मुक्ती तर १९६१ सालीच झाली होती? हे प्रश्न तुमच्या मुलीनं विचारावेत असं मला फार वाटतं.

एक काळजी मात्र घ्या. वर्गात जमातीबद्दल काही निघालं की सगळे तिच्याकडे वळून बघतील, 'तू सांग' म्हणतील. रोज तिनंच का सांगायचं? तिलाही इतरांना विचारू द्या, त्यांच्या घरातल्या वाटण्यांबद्दलसुद्धा.

तिची आजी धालोला, बायकांच्या त्या रात्रीच्या नाचगाण्याला, जात असेल तर या पौषात मुलीला वही घेऊन मांडावर, म्हणजे ते होतं त्या अंगणात, बसू दे. आजीला आधी विचारायचं, आणि गाणं उतरवलं की खाली गाणारीचं नाव घालायचं. धालोची कितीतरी गाणी मी छापलेली पाहिली, खाली नुसतं 'पारंपरिक'.

राखीव जागेवर प्रवेशाला जमातीचा दाखला लागेल. काढला नसेल तर आत्ताच अर्ज करा, ऐन वेळी धावपळ होते.