काकांचे पैसे गेलेत? आधी १९३०

काकांना ऑनलाइन फसवून कोणी पैसे उकळले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, तोही काकांना शेजारी बसवून. बँकेचं नाव, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) हाताशी ठेव. हे चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. बाहेर काढण्याआधी तक्रार पोचली तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. म्हणून 'उद्या शाखेत जाऊन बघू' नको. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण कर, तिचा क्रमांक लिहून ठेव, बँकेला लेखी कळव.

काकांच्या फोनमध्ये एनीडेस्कसारखं, म्हणजे लांबून दुसऱ्याला फोन चालवू देणारं अ‍ॅप टाकायला लावलं असेल तर लगेच त्या फोनचं इंटरनेट बंद कर. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदल. चॅट मात्र पुसू नकोस, तो पुरावा आहे.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच 'तुम्हाला अटक झालीय' म्हणून घाबरवलं असेल तर काकांना सांग, असा प्रकार कायद्यातच नाही. आणि 'एवढे शिकलेले, तरी फसलात कसे?' हे घरात कोणालाच विचारू देऊ नकोस. माझी आत्या याच एका वाक्याच्या धास्तीने चार दिवस गप्प बसली होती. तेवढ्यात पैसे पार झाले.

हो, आणि पुढे कधीतरी 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन येईल. तेच चोर, नाहीतर त्यांचे भाऊबंद.