खासदाराचं शपथपत्र: आकडे कसे वाचायचे?

खासदारांच्या मालमत्तेविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत ‘शपथपत्र’ म्हणजे उमेदवारी अर्जासोबत जोडायचा नमुना 26.

प्रश्न: निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आमच्या मतदारसंघाचं नावच सापडत नाही. शपथपत्र पाहायचं कुठे? (एक वाचक, धाराशिव)

‘उस्मानाबाद’ शोधा. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी लोकसभा मतदारसंघाचं नाव परिसीमनाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या, आदेशात जे आहे तेच चालतं. संभाजीनगरच्या वाचकांनीही ‘औरंगाबाद’ निवडावं. आयोगाच्या शपथपत्रांच्या पानावर आधी निवडणूक, मग राज्य, टप्पा आणि मतदारसंघ निवडायचा. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, त्यामुळे एकाच नावापुढे दोन-तीन शपथपत्रं दिसू शकतात. स्वीकारलेल्या अर्जासोबतचं, आणि त्यातही सर्वांत शेवटी दिलेलं घ्या. त्याच उमेदवाराचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही उतरवून ठेवा, कारण एकट्या शपथपत्रातून फारसं कळत नाही.

प्रश्न: समजा, एखाद्या खासदाराची मालमत्ता 2019 मध्ये 4 कोटी होती आणि 2024 मध्ये 11 कोटी झाली. मधले सात कोटी भ्रष्टाचाराचेच म्हणायचे का? (एक वाचक, जालना)

लगेच म्हणू नका आणि लगेच सोडूनही देऊ नका. आधी वाढीचे दोन भाग करा: जुन्याच वस्तूंची वाढलेली किंमत आणि नव्याने घेतलेल्या वस्तू.

शपथपत्रात जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, ती वारसाने आली की विकत घेतली, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि आजची अंदाजे बाजारकिंमत असे रकाने असतात. दोन्ही शपथपत्रांतले गट नंबर समोरासमोर मांडा. तीच 12 एकर जमीन 2019 मध्ये एकरी 8 लाखांनी धरली असेल आणि 2024 मध्ये 20 लाखांनी, तर एक गुंठाही विकत न घेता 1 कोटी 44 लाख वाढले. समृद्धी महामार्गाच्या किंवा शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याच्या आसपास अशी भाववाढ कागदावर सहज दिसते. सोन्याचंही तसंच आहे. 2019 च्या निवडणुकीच्या वेळी 10 ग्रॅमचा भाव 32 हजारांच्या आसपास होता, एप्रिल 2024 मध्ये तो 70 हजारांच्या पुढे गेला. वजन तेवढंच असेल, तर दागिन्यांची किंमत दुपटीहून जास्त होणारच. म्हणून आधी ग्रॅम बघा, रुपये नंतर.

हे सगळं वजा केल्यावर उरते ती खरी वाढ. मागच्या निवडणुकीनंतर खरेदीची तारीख असलेले भूखंड, नवी वाहनं, नवे शेअर, वाढलेल्या ठेवी यांची बेरीज करा. त्यातून कर्जात झालेली वाढ वजा करा. आलेला आकडा पाच वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून पाहा. फेब्रुवारी 2019 पासून उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित या सगळ्यांचं प्राप्तिकर विवरणात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न शपथपत्रात द्यावं लागतं. त्यातून घरखर्चही भागलेला असतो, हे विसरू नका. जमीन संपादनाचा मोबदला मिळाला असेल, तर जमिनीच्या यादीतला एक गट कमी झालेला आणि ठेवी वाढलेल्या दिसतील.

गोम आहे ती शेतीच्या उत्पन्नात. ते करमुक्त असल्याने करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात धरलं जात नाही, आणि उत्पन्नाच्या स्रोतात ‘शेती व व्यवसाय’ एवढे तीन शब्द लिहून मोकळं होता येतं. अशा वेळी साधा हिशेब मांडा. कोरडवाहू सोयाबीन एकरी 7-8 क्विंटल धरा. 2023-24 चा हमीभाव क्विंटलला 4,600 रुपये होता, म्हणजे एकरी ढोबळ 32 ते 37 हजार, खर्च अजून वजा व्हायचा आहे. 20 एकर कोरडवाहूवर कोटीचा फ्लॅट शेतीतून घेतला असं कुणी सांगत असेल, तर पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही. जमीन बागायती असेल, ऊस किंवा मोसंबी असेल, तर हिशेब अर्थातच वेगळा.

क्षेत्र तपासताना एक घोळ टाळा. सातबाऱ्यावर 2.40 म्हणजे 2 हेक्टर 40 आर, जवळपास 6 एकर. शपथपत्रात क्षेत्र एकरात असतं. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की उतारा मोफत दिसतो. मात्र मतदारसंघ आणि जिल्हा एकच धरू नका. उस्मानाबाद मतदारसंघात बार्शी आणि औसाही आहेत, हिंगोलीत उमरखेड आहे.

प्रश्न: मुलाच्या नावावर कारखाना आणि घराण्याच्या ताब्यात दहा कॉलेजं असली, तरी शपथपत्रात त्यातलं काहीच का दिसत नाही? (एक वाचक, लातूर)

कारण नमुना 26 फक्त उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित यांचंच विचारतो. अवलंबित म्हणजे स्वतःचं वेगळं उत्पन्न नसलेलं, उमेदवारावर विसंबून असलेलं माणूस. कमावता मुलगा, भाऊ, सून यांची मालमत्ता यातून सुटते, आणि ते कायद्याला धरूनच असतं. शिक्षणसंस्था ट्रस्टच्या मालकीची आणि सहकारी साखर कारखाना सभासदांचा, म्हणून अध्यक्षाच्या मालमत्तेत त्यांचा रुपयाही धरला जात नाही. खासगी कारखान्याचे शेअर स्वतःच्या नावावर असतील तर दाखवावे लागतात. पण बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या शेअरची किंमत हिशेबवहीतली धरतात, आणि ती विक्रीच्या किमतीपेक्षा फार कमी असू शकते. मराठवाड्यातली राजकीय ताकद बहुतेक याच संस्थांत आहे, त्यामुळे इथलं शपथपत्र वाचताना कागदाबाहेरचंही ध्यानात ठेवावं लागतं.

प्रश्न: रकाना कोरा सोडला तर चालतं का? (एक वाचक, नांदेड)

नाही. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ‘रिसर्जन्स इंडिया’ प्रकरणात हे स्पष्ट केलं. आठवण करून देऊनही रकाने कोरे ठेवले, तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो.

प्रश्न: लोकसभेतले खासदार सरासरी किती श्रीमंत आहेत? (एक वाचक, परभणी)

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने शपथपत्रांवरून केलेल्या मोजणीत 2024 च्या 543 विजेत्यांपैकी 504 कोटीपती निघाले. 2009 मध्ये ही संख्या 315 होती. 2024 ची सरासरी 46.34 कोटी येते, पण ती जपून वापरा. गुंटूरच्या पेम्मासानी चंद्रशेखर यांची जाहीर मालमत्ता सुमारे 5,705 कोटी आहे. या एका नावामुळेच सरासरी साडेदहा कोटींनी वर जाते.

प्रश्न: दरवर्षी मिळणारा पाच कोटींचा निधी आणि पगार यातूनच मालमत्ता वाढते का? (एक वाचिका, वसमत)

निधी खासदाराच्या हातात येत नाही. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे वाटण्याचं काम जिल्हा प्रशासनाचं. पगार 1 एप्रिल 2023 पासून महिना 1 लाख 24 हजार आहे. मतदारसंघ भत्ता 87 हजार आणि कार्यालयीन खर्च 75 हजार, हे वेगळे. नुसत्या पगारातून पाच वर्षांत कर भरण्याआधी 75 लाखांच्या आत जमतात, त्यामुळे कोटींच्या वाढीचा उगम दुसरीकडेच शोधावा लागतो.

प्रश्न: माहिती खोटी आहे याचा कागद माझ्याकडे आहे. तक्रार कुठे करू? (एक वाचक, बीड)

अर्जाच्या छाननीआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रति-शपथपत्र देता येतं. तो ते फलकावर लावतो, पण माहिती खरी की खोटी याचा निवाडा करत नाही. निवडणूक रद्द व्हावी असं वाटत असेल, तर निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका हवी. 2024 च्या लोकसभेसाठी ती मुदत त्याच वर्षी जुलैत संपली. खोट्या शपथपत्राबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125-क खाली फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, त्यामुळे साधारणपणे एका वर्षाच्या आत तक्रार न्यायालयात जायला हवी. एवढ्या शिक्षेने खासदारकी आपोआप जात नाही.

चूक किती मोठी आहे, हेही पाहिलं जातं. अरुणाचलच्या तेझू विधानसभा मतदारसंघाच्या प्रकरणात एक स्कूटी, एक व्हॅन आणि एक मोटारसायकल दाखवली नव्हती. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली, पण एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तुमच्याकडचा कागद सुटलेल्या भूखंडाचा असेल, तर सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक 2 (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) यांची प्रमाणित प्रत घेऊनच वकिलाकडे जा. मोबाईलवरून छापलेला मोफत उतारा न्यायालयात चालत नाही.