वाचनयादीतल्या लिंका घरून उघडत नाहीत, म्हणून सरळ पीडीएफ टाकावी का?

नाही. लिंका दुरुस्त करा. कॅम्पसवर उघडणारी लिंक घरी उघडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा लेख जागच्या जागी असतो, फक्त पत्ता चुकीच्या ठिकाणाहून उचललेला असतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये लेखाच्या पत्त्याला तुमच्या त्या वेळच्या सेशनची आणि शोधाची शेपटी चिकटलेली असते.

जेस्टोर या संशोधन-लेखांच्या डेटाबेसवरचा ईपीडब्ल्यू या साप्ताहिकाचा लेख घ्या. शोधून उघडलात की 'स्टेबल'पुढच्या आकड्यानंतर प्रश्नचिन्ह आणि तुम्ही टाइप केलेले शब्द लटकतात. थेट पीडीएफ उघडलीत तर मध्ये 'पीडीएफ' हा शब्द घुसतो आणि मागे भलीमोठी शेपटी येते. 'स्टेबल' आणि आकडा एवढंच ठेवा, बाकी कापा. ईझीप्रॉक्सीतून, म्हणजे घरी बसलेल्या वाचकाला कॉलेजच्या नावाने आत नेणाऱ्या ग्रंथालयाच्या प्रॉक्सीतून, आत गेला असाल तर जेस्टोरच्या नावात टिंबांच्या जागी आडव्या रेघा आणि मागे तुमच्या प्रॉक्सीचं नाव दिसेल. तो पत्ता यादीत नको, कारण प्रॉक्सीचं नाव बदललं की सगळी यादी एका रात्रीत मेली. मूळ पत्ता परत लिहा आणि त्याच्या अगदी सुरुवातीला ग्रंथालयाने दिलेला तुकडा जोडा. तो 'लॉगिन', प्रश्नचिन्ह, 'यूआरएल' आणि बरोबरच्या चिन्हाने संपतो. त्यानंतर जागा सोडू नका. प्रॉक्सी लावलेल्या पत्त्याला पुन्हा प्रॉक्सी लावणं ही सर्रास होणारी चूक आहे, तेवढं तपासा.

इब्स्को या डेटाबेसमध्ये लेखाच्या पानावरचं 'परमालिंक' बटण वापरा, नव्या रूपात ते 'शेअर'मध्ये सापडतं.

लेखाला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तोच द्या, सुरुवात 'एचटीटीपीएस'सकट डीओआय डॉट ओआरजीने. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तरी तो टिकतो, पण प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला तरच. जुन्या डीओआयमध्ये कंस आणि कोनी कंस असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक तिथेच तुटते. उघडणाऱ्या गोल कंसाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि 28, बंद होणाऱ्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि 29 लिहा. लिंकला खेटून पूर्णविराम देऊ नका. प्रॉक्सी लावल्यावर 'हे होस्ट नोंदलेलं नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर दोष लिंकचा नाही, प्रॉक्सीच्या यादीत डीओआयचं नाव घातलेलं नाही. ग्रंथालयाला कळवा, काम दोन ओळींचं आहे.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संग्रहातल्या प्रबंधाला 10603 ने सुरू होणारा हँडल क्रमांक (कायमचा पत्ता) असतो, तोच घ्या. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या लिंका मेल्या, त्यात कितीतरी मराठी पुस्तकं होती. त्यातली पुष्कळ इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, शीर्षकाने शोधून तिथला 'डिटेल्स'चा पत्ता द्या.

कॉलेजला प्रॉक्सीच नसेल तर साधी स्थिर लिंक द्या आणि शेजारी लिहा: 'संस्थेमार्फत लॉगिन' निवडा, यादीतून इन्फेड (भारतीय संस्थांची सामायिक लॉगिन-व्यवस्था) आणि मग आपलं कॉलेज.

मूडल या कोर्सच्या संकेतस्थळावर लिंक टाकताना 'एम्बेड' (पान तिथेच चौकटीत दाखवणं) निवडू नका, बहुतेक प्रकाशक दुसऱ्याच्या चौकटीत पान उघडू देत नाहीत. शेवटी मोबाइल डेटावर, इनकॉग्निटोमध्ये प्रत्येक लिंक उघडून बघा. कॅम्पसच्या वायफायवरची तपासणी निरुपयोगी आहे, तिथे आयपी पत्त्यावरूनच दार उघडतं.

आता 'पीडीएफ टाकली की काम झालं' म्हणणाऱ्यांसाठी. वर्गणीच्या नूतनीकरणाच्या वेळी ग्रंथालयाच्या हातात फक्त वापराचे आकडे असतात. विद्यार्थ्यांच्या गटात फिरलेली पीडीएफ त्यात कधीच मोजली जात नाही. वापर कमी दिसतो, डेटाबेस बंद होतो, आणि मग हीच मंडळी ग्रंथपालाला जाब विचारतात. मला हे अजिबात पटत नाही.

मात्र ज्यांच्याकडे नेट धड चालत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयात छापील प्रत ठेवाच. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठीच्या छायाप्रतींच्या बाजूने निकाल दिला, पण डेटाबेसचा करार ही वेगळी गोष्ट. त्यात वाचनसंचाबद्दल काय लिहिलंय ते ग्रंथपालांकडून आधी वाचून घ्या.